ऑल विनर्स कॉमिक्सचा विसावा अंक : प्रकल्प नोंदी

४ जानेवारी

व्याप्ती आज ठरवून टाकली. मार्टिन गुडमन यांच्या न्यूयॉर्कमधल्या टाइमली कॉमिक्सने १९३९ ते १९५० या काळात जी सुपरहिरो नियतकालिकं काढली, त्यांची सूची. हीच कंपनी पुढे मार्व्हल झाली. सूचीत किमती नाहीत, प्रतींची अवस्था नाही, कोणी कोणत्या लिलावात काय घेतलं तेही नाही. प्रत्येक अंकापुढे मुखपृष्ठावरची तारीख, क्रमांक, आणि हा क्रमांक आधीच्या कोणत्या अंकाला लागून आला ते. हा शेवटचा रकाना दुसऱ्या कोणाला लागेल असं वाटत नाही, पण माझं सगळं काम त्याच्यासाठीच आहे.

निमित्त मावसभावाचं. तो न्यू जर्सीत असतो, युद्धकाळातल्या कॉमिक्सची पुनर्मुद्रणं जमवतो आणि अधूनमधून एखादा फाटका मूळ अंकही घेतो. दिवाळीत फोनवर म्हणाला, "दादा, टाइमलीच्या ऑल विनर्सचा वीस नंबर कुठेच मिळत नाहीये. सगळ्या याद्यांत एकोणीसनंतर थेट एकवीस. तू बघशील का जरा?"

मार्व्हलच्या मास्टरवर्क्स या पुनर्मुद्रण मालिकेतला ऑल विनर्सचा चौथा खंड माझ्याकडे आहे. त्यात अंक १५ ते १९, मग २१, आणि त्यानंतर १९४८ सालचा वेगळा अंक १. विसाव्याबद्दल खंडाच्या मुखपृष्ठावर अवाक्षर नाही.

९ जानेवारी

पहिली आठ शीर्षकं भरून झाली. क्रमांकांतल्या पोकळ्या आणि दुबार आलेले आकडे शोधणारी छोटी स्क्रिप्ट चालवली. अपेक्षेपेक्षा जास्त सापडलं.

ह्यूमन टॉर्चला, म्हणजे आगीने पेटणाऱ्या नायकाच्या मालिकेला, अंक १ नाही. मालिका थेट २ पासून सुरू, शरद १९४०. शिवाय अंक ५ दोन आहेत, एक उन्हाळा १९४१चा आणि एक शरद १९४१चा. ऑल विनर्सला २० नाही. कॅप्टन अमेरिकाच्या क्रमांकांत खाच नाही, पण ७४ वर नावच बदलून 'कॅप्टन अमेरिकाज् विअर्ड टेल्स' झालेलं आहे, आणि ७५ मध्ये (फेब्रुवारी १९५०) कॅप्टन अमेरिका औषधालाही नाही.

म्हणजे विसावा अंक हा एकटा चमत्कार नव्हे. या घराण्याचं अंकगणितच वेगळं आहे.

१२ जानेवारी

रद्दीचा सिद्धांत निकालात काढला. जुन्या कॉमिक्सबद्दल बोलताना हे कारण सगळ्यांच्या जिभेवर असतं: युद्धात अमेरिकेत शाळकरी पोरं घरोघर फिरून कागद गोळा करत, त्यात लाखो अंक लगद्यात गेले. हे खरंच आहे. १९४०च्या दशकातले अंक आज महाग असण्याचं मोठं कारण तेच. कागदावर नियंत्रण आलं आणि अंकांची पानंही घटली. मुखपृष्ठासकट ६८ वरून ६० आणि मग ५२.

पण ऑल विनर्स १९ ची तारीख शरद १९४६ आहे आणि २१ ची हिवाळा १९४६-४७. जपानच्या शरणागतीला तेव्हा वर्ष उलटून गेलं होतं. शिवाय रद्दी कुठली मालिका, कुठला क्रमांक असं बघून जात नाही. १९ उरतो, २१ उरतो आणि मधल्या एकाच अंकाची शेवटची प्रतसुद्धा नाहीशी होते, हे पटत नाही.

तारखांबद्दल एक गोष्ट नोंदवून ठेवतो, नाहीतर पुढे घोळ होईल. या अंकांवरची तारीख विक्रीला येण्याची नव्हे. विक्रेत्याने तो अंक कधी काढून नवा लावायचा, त्याच्या सोयीसाठी ती दोन-तीन महिने पुढची छापत.

१३ जानेवारी

भावाला हे कळवलं. त्याने लगेच हरकत घेतली, आणि हरकत चांगली आहे. "मोशन पिक्चर फनीज वीकली पण नव्हतंच ना कोणाकडे?"

बरोबर. १९३९ मध्ये लॉइड जॅकेट यांच्या फनीज इन्कॉर्पोरेटेडने सिनेमागृहांतून मुलांना फुकट वाटण्यासाठी एक अंक तयार केला होता. बिल एव्हरेटचा समुद्रातला नायक सब-मरिनर त्यात आठ पानांत पहिल्यांदा आला. योजना फसली आणि तीच कथा वाढवून 'मार्व्हल कॉमिक्स'च्या पहिल्या अंकात, ऑक्टोबर १९३९ मध्ये, छापली गेली. मूळ अंकाच्या मोजक्या प्रती १९७४ मध्ये जॅकेट यांच्या मागे राहिलेल्या कागदपत्रांत सापडल्या, तोवर जमवणाऱ्यांना त्याचा पत्ताही नव्हता. त्याच गठ्ठ्यात अंक २, ३ आणि ४ यांची नुसती मुखपृष्ठंही निघाली. आत पानं नाहीत, कारण ते अंक छापलेच गेले नाहीत.

म्हणजे 'प्रत सापडत नाही' एवढ्यावर 'अंक नव्हता' असं म्हणता येत नाही. विसावा क्रमांक गेला कुठे, ते दाखवावं लागेल. त्यासाठी कोष्टकात 'स्थिती' हा नवा रकाना घातला. छापला, ठरला पण छापला नाही, क्रमांक दुसऱ्या शीर्षकाकडे गेला. मोशन पिक्चर फनीजचे २ ते ४ दुसऱ्या खान्यात टाकले.

१८ जानेवारी

ह्यूमन टॉर्चचा गुंता आधी घेतला, कारण त्याची उकल लेखी आहे.

ऑगस्ट १९४० मध्ये टाइमलीने 'रेड रेव्हन कॉमिक्स' अंक १ काढला. संपादक जो सायमन, आत चित्रकार जॅक कर्बीचं काम. नायक पंखवाला. एका अंकातच तो आटोपला. पुढच्या वेळी तेच प्रकाशन नाव बदलून ह्यूमन टॉर्च झालं, म्हणून त्याचा पहिला अंक २. कार्ल बर्गोसचा टोरो, टॉर्चचा पेटणारा पोरगा साथीदार, याच अंकात आला. म्हणजे ह्यूमन टॉर्चचा हरवलेला अंक १ हा मुळात लाल कावळ्याचा आहे, आणि ज्यांना टॉर्चचा पूर्ण संच हवा त्यांनी खरं तर तोही घ्यायला हवा. (घेत नाहीत. महाग आहे.)

मग १९४१ मध्ये ५ हा आकडा दोनदा. शरदातला दुसरा ५ हाच तो गाजलेला अंक, ज्यात टॉर्च आणि सब-मरिनर जवळजवळ अख्ख्या अंकभर एकमेकांशी भिडतात. २, ३, ४, ५ आणि पुन्हा ५: हा दुसरा ५ मोजला तर टॉर्चचा खरोखर पाचवा अंक येतो. उसना घेतलेला एक आकडा परत केला. तिथून पुढे हिशेब सरळ, आणि मार्च १९४९ चा अंक ३५ हा बरोबर पस्तिसावाच भरतो. स्क्रिप्टला हे पटवून द्यायला संध्याकाळ गेली.

१९ जानेवारी

हा आकड्यांचा खेळ का? उत्तर टपालात आहे.

अमेरिकेत नियतकालिकांना टपालात स्वस्त, म्हणजे द्वितीय श्रेणीचा दर मिळे. तो ३ मार्च १८७९ च्या कायद्याने. कॉमिक्सच्या आत, बहुधा पहिल्या पानाच्या तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरात प्रकाशकाचं नाव-पत्ता आणि या कायद्याचा उल्लेख असतो. मी आतापर्यंत ती पट्टी वगळूनच वाचत होतो, जसे सगळेच वाचतात. कायद्याच्या अटी साध्या होत्या. प्रकाशन ठरलेल्या मुदतीने, वर्षातून निदान चार वेळा निघावं. त्यावर तारीख असावी. ठाऊक असलेल्या कार्यालयातून ते निघावं. पुठ्ठा-कापड-चामड्याची बांधणी नको. वर्गणीदारांची खरी यादी असावी. आणि अंकांना ओळीने, सलग क्रमांक असावेत.

सलग क्रमांक. बस, एवढंच.

नवं नियतकालिक म्हणजे नवी नोंदणी, तिचं शुल्क आणि मंजुरीची वाट. जुनंच नाव बदलून पुढे चालू ठेवलं तर हे सगळं वाचतं. म्हणून एखादं शीर्षक बंद पडलं की त्याचा क्रमांक पुढच्याला देत. क्रमांक नायकाचा नव्हताच, परवान्याचा होता. गुडमन तर एकाच कचेरीतून टाइमली पब्लिकेशन्स, मॅनव्हिस पब्लिकेशन्स अशा कितीतरी छोट्या कंपन्यांच्या नावांनी व्यवहार करत. परवाने फिरवण्यात त्यांचा हात कोणी धरू शकला नसता.

आपल्याकडेही नोंदणीकृत नियतकालिकाला टपालात सवलत असते, आणि मराठी मासिकांच्या पानावर तळाशी तो नोंदणी क्रमांक छापलेला दिसतो. तोही आपण कधी वाचत नाही.

जाता जाता: या अंकांत चित्रकथांच्या मधे दोन पानं निव्वळ मजकुराची असतात. तीही टपालखात्याच्या समाधानासाठी, नुसती चित्रं असली तर 'वाङ्मय' म्हणायला अडचण. मुलं ती पानं उलटून पुढे जात. पण स्टॅन लींचं छापून आलेलं पहिलं लेखन अशाच दोन पानांत आहे, कॅप्टन अमेरिका कॉमिक्स अंक ३, मे १९४१. ढाल फेकून मारण्याची कल्पनाही तिथलीच म्हणतात. टपालखात्याचे उपकार.

२५ जानेवारी

आता प्रश्न उलटा विचारायचा. ऑल विनर्सचा २० कुठे, असं नाही. २१ कुठून आला? आधी कोणत्या शीर्षकाचा २० होता?

टाइमलीच्या यादीत १९४६ च्या उत्तरार्धात २० वर थांबलेलं शीर्षक सहज सापडतं: 'यंग अलाइज'. पहिला अंक उन्हाळा १९४१, शेवटचा अंक २०, ऑक्टोबर १९४६. पुढचा २१ नाही.

कॅप्टन अमेरिकाचा पोरगा साथीदार बकी, टोरो आणि त्यांची पोरांची टोळी नाझींना कशी लोळवते, असा हा मासला. युद्ध चालू होतं तोवर खपला. टोळीतल्या कृष्णवर्णीय मुलाचं चित्रण आज बघवत नाही. नावापासून संवादांपर्यंत सगळी थट्टाच. त्या काळाचा दाखला म्हणून सूचीत तो जसा आहे तसा राहील, पण 'निरागस बालवाङ्मय' वगैरे विशेषणं मी लावणार नाही.

युद्ध संपलं आणि यंग अलाइजचं प्रयोजन गेलं. त्याची क्रमांकांची ओळ ऑल विनर्सने उचलली. म्हणून हिवाळा १९४६-४७ च्या अंकावर २१.

२६ जानेवारी

मग ऑल विनर्सची स्वतःची ओळ? १९ नंतर तिचं काय झालं?

ती मिळाली 'ऑल टीन कॉमिक्स' अंक २० ला. जानेवारी १९४७. या शीर्षकाचा हा पहिला आणि एकमेव अंक. पुढच्या अंकापासून ते नुसतं 'टीन कॉमिक्स' झालं, क्रमांक २१.

म्हणजे भाऊ ज्याच्यासाठी याद्या चाळत बसला आहे, तो ऑल विनर्सचा विसावा अंक अस्तित्वात आहे. फक्त त्यात कॅप्टन अमेरिका नाही, टॉर्च नाही, सब-मरिनर नाही. पोरापोरींच्या भेटीगाठी आणि फजित्या आहेत. त्याला कळवलं. उत्तर आलं, "म्हणजे मी आता ते घ्यायचं का?" घेऊ नकोस असं सांगण्याचा अधिकार माझ्याकडे नाही.

यात वेगळं काहीच नव्हतं, हे लक्षात घ्यायला हवं. युद्ध संपताच सुपरहिरोंचा खप उतरला आणि गुडमन यांनी वारा कुठला ते ओळखलं. 'मिस अमेरिका' तर १९४४ मध्येच दुसऱ्या अंकापासून मुलींचं मासिक झालं होतं, आणि पॅट्सी वॉकर तिथेच जन्मली. तिची कॉमिक्स पुढे दोन दशकं चालली, तेवढं नशीब त्या काळात कॅप्टन अमेरिकालाही लाभलं नाही.

२ फेब्रुवारी

मला अजून एक गोष्ट खुपते. इतका द्राविडी प्राणायाम कशाला? यंग अलाइजचं ऑल टीन करून टाकायचं (क्रमांक २१) आणि ऑल विनर्सला आपल्याच २० वर जाऊ द्यायचं, हे सरळ होतं. ओळींची अदलाबदल का?

१९ आणि २१ पुन्हा वाचले. दोन्ही अंक ऑल विनर्सच्या आधीच्या अंकांसारखे नाहीत. आधी प्रत्येक नायकाची स्वतंत्र कथा असे. एका मुखपृष्ठाखाली राहणारे शेजारी, एवढंच नातं. १९ मध्ये पहिल्यांदा सगळे मिळून एकाच अंकभर कथेत आले: कॅप्टन अमेरिका, बकी, टॉर्च, टोरो, सब-मरिनर, व्हिझर आणि मिस अमेरिका. ऑल विनर्स स्क्वाड. १९ ची कथा बिल फिंगर यांची, ज्यांचा बॅटमॅनच्या निर्मितीत मोठा वाटा होता. २१ ची ऑटो बाइंडर यांची, ज्यांनी दुसऱ्या प्रकाशकाच्या कॅप्टन मार्व्हलच्या कथा ढिगाने लिहिल्या. दोघेही बाहेर गाजलेले. प्रतिस्पर्ध्यांकडे 'जस्टिस सोसायटी ऑफ अमेरिका' १९४०-४१ च्या हिवाळ्यापासून चालू होती, तिचाच हा साचा: सुरुवातीला सगळे एकत्र, मग कामाची वाटणी, प्रत्येकाचं एक प्रकरण, शेवटी पुन्हा सगळे.

माझा कयास असा. ऑल विनर्स बंद करून ते पोरापोरींचं करायचं, हे १९ च्या आसपास ठरलं असावं आणि ओळ तेव्हाच देऊन टाकली असावी. मग कोणाला तरी वाटलं की संघाला आणखी एक संधी देऊन बघू. तोवर यंग अलाइजची ओळ मोकळी झाली होती, ती लावली. संध्याकाळच्या एसटीत एकाने खाली ठेवलेल्या पिशवीच्या जागी दुसऱ्याने रुमाल टाकावा, तसं. हा कयास आहे आणि सूचीत तो 'टीप' मध्ये जाईल, 'स्थिती' मध्ये नाही.

संधी फळली नाही. स्क्वाडची मूळ काळातली कथा या दोनच. २१ नंतरचा २२ 'हेडी डी व्हाइन कॉमिक्स'चा, ऑगस्ट १९४७, आणि हेडी ही नटी.

८ फेब्रुवारी

कथेच्या बाजूने खुंटा हलवून पाहिला. समजा विसाव्या अंकात घडलेलं काही २१ मध्ये गृहीत धरलं असतं, तर माझ्या मांडणीला धक्का बसला असता. १९ मध्ये खलनायक इस्बिसा, २१ मध्ये भविष्यातून आलेला फ्यूचर मॅन. एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही, मागच्या कथेचा धागा कुठे लोंबकळत नाही.

पोकळी खरी जाणवली ती नंतरच्या मार्व्हलला, आणि तीही वेगळ्या कारणाने. १९६४ मध्ये ॲव्हेंजर्सच्या चौथ्या अंकात ठरवलं गेलं की कॅप्टन अमेरिका युद्धाच्या शेवटी बर्फात गेला. मग १९४६ च्या ऑल विनर्समध्ये ढाल घेऊन नाचतोय तो कोण? रॉय थॉमस यांनी १९७७ च्या 'व्हॉट इफ' अंक ४ मध्ये याचं उत्तर दिलं. त्या वेषात आधी स्पिरिट ऑफ सेव्हंटी-सिक्स नावाचा दुसरा नायक होता, १९४६ मध्ये तो मारला गेला आणि पेट्रियट या तिसऱ्या नायकाने वेष घेतला. विसावा अंक जिथे असायला हवा होता, जवळपास त्याच महिन्यांत ही अदलाबदल बसवली आहे. कथा सुबक आहे, पण १९४६ च्या कचेरीत असं काही कोणाच्या डोक्यात नव्हतं. माझ्या सूचीत तिला जागा नाही.

१५ फेब्रुवारी

टाइमलीबाहेर पडताळा हवा होता. सर्वांत स्वच्छ उदाहरण विल्यम गेन्स यांच्या ईसी कॉमिक्सचं मिळालं. त्यांच्या 'विअर्ड फँटसी'चा पहिला अंक १३, मे-जून १९५०, कारण आधीचं प्रेमकथांचं शीर्षक १२ वर संपलं होतं. मग १४, १५, १६, १७, आणि त्यानंतर ६! टपालखात्याने कान धरला. नाव आणि मजकूर पूर्ण बदलल्यावर हे तेच नियतकालिक कसं? १३ ते १७ हे पाच अंक, म्हणून पुढचा सहावा.

ह्यूमन टॉर्चच्या दोन पाचांशी हे ताडून पाहावं. तोच नमुना आहे, फक्त आधीच्या दशकातला.

स्क्रिप्टमध्ये 'मागे उडी' हा प्रकार वेगळा ओळखायची सोय केली. क्रमांक एकदम घसरला आणि नवा क्रमांक त्या शीर्षकाच्या खऱ्या अंकसंख्येशी जुळला, तर ती टपालखात्याची दुरुस्ती समजायची.

इंद्रजाल कॉमिक्सची आठवण आलीच. १२३ आणि १२४ हे आकडे तिथेही नाहीत, आणि वेताळाचे चाहते ते शोधत फिरलेले मी पाहिले आहेत. तिथलं कारण छापखान्याचा संप. माझ्या रकान्यांत ते 'ठरला पण छापला नाही' याच्या जवळ जाईल. ते काम या प्रकल्पात नाही.

२२ फेब्रुवारी

विसाव्याची ओळ शेवटपर्यंत नेली. ऑल विनर्स १ ते १९, ऑल टीन २०, टीन कॉमिक्स २१ ते ३५ (मे १९५०), आणि सप्टेंबर १९५० मध्ये 'जर्नी इन्टू अननोन वर्ल्ड्स' अंक ३६. प्रेमाच्या फजित्या गेल्या, उडत्या तबकड्या आल्या. ३७, ३८, आणि त्यानंतरचा अंक, एप्रिल १९५१: ४.

स्क्रिप्टने स्वतःहून 'दुरुस्ती' असा शिक्का मारला. ३६, ३७, ३८ हे तीन, मग चौथा. उन्हाळा १९४१ मध्ये सुरू झालेला आकडा तिथे तुटला.

ऑल विनर्स नावाने १९४८ च्या ऑगस्टमध्ये आणखी एक अंक निघाला, तो नव्याने १ पासून. दुसऱ्याच अंकाला तो 'ऑल वेस्टर्न विनर्स' झाला, घोडे आणि पिस्तुलं. ही स्वतंत्र ओळ म्हणून नोंदवली, जुन्या मालिकेला जोडलेली नाही.

उरलेलं काम: ह्यूमन टॉर्च ३५ नंतर 'लव्ह टेल्स' ३६ (मे १९४९) आणि १९५४ मध्ये टॉर्च परत आला तेव्हा पुन्हा ह्यूमन टॉर्च ३६, म्हणजे एका आकड्याला दोन वारस. मार्व्हल मिस्टरी ९२ कडून मार्व्हल टेल्स ९३ कडे जाणारा दुवा घालायचा आहे. सब-मरिनरची ओळ सर्वांत किचकट आहे, ती शेवटी.